सरकारी विद्यापीठातलं 'इंटरनॅशनल' चालवायचं कुणी? फोटोतल्या माणसांनी का टेबलावरच्या?

होटगीनाका:
ग्रुपवर परत एक फोटो आला. शाल, बुके, दोन फायली, मधे परदेशी पाहुणे, खाली 'सामंजस्य करार संपन्न'. कुठलं विद्यापीठ ते सोडा, सगळीकडचा फोटो सेमच असतो. माझा मुद्दा वेगळाय, हे परदेशी विद्यापीठांशी संबंधांचं काम ज्या प्राध्यापकाकडे असतं त्याच्याकडे ते 'अतिरिक्त कार्यभार' म्हणूनच का? त्याने डिपार्टमेंट सांभाळायचं, नॅकच्या (कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा ठरवणारी संस्था) फायली करायच्या, पेपर तपासायचे आणि उरलेल्या वेळात जर्मनीला मेल टाकायचा. यूजीसीने (विद्यापीठांवरची केंद्राची संस्था) 2021 लाच सांगितलंय की परदेशी व्यवहारासाठी वेगळं ऑफिस उघडा, आपल्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यातही आंतरराष्ट्रीय संबंधांचं मंडळ आहे, म्हणजे कागदावर सगळं ओके. पण कुलगुरूंची टर्म 5 वर्षं, ते गेले की त्यांचे करार कपाटात. फुल टाइम माणूस द्या आणि त्याला हलवू नका, बास.

पार्कचौक_कट्टा:
काय बे, घरात नाही दाणा आणि म्हणे मला बाजीराव म्हणा. इथं तासिकेवरच्या मास्तरांना वेळेवर पैसे मिळेनात आणि तुला फुल टाइम इंटरनॅशनल साहेब पायजे! परदेशी पोरांसाठी 25 टक्के जादा जागा काढता येतात म्हणे, पण पुणं सोडून सोलापूरला कोण यायलंय, मे महिन्यात तर आपलेच पळून जातात.

शेंगाचटणी:
@पार्कचौक मास्तरांचं म्हणणं 100 टक्के मान्य, पण 'कोण यायलंय' हे अजिबात नाही. परदेशी पोरगा आणून बसवणं एवढंच इंटरनॅशनल असतं का? सोलापूरजवळ केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आपलं विद्यापीठही केगावलाच. डाळिंब इराण, स्पेन, इस्राएलमध्येही होतं, मग डाळिंबाच्या तेल्या रोगावर, साठवणुकीवर एकत्र काम करायला कोण नाही म्हणेल? आपला टॉवेल एक्सपोर्ट होतो, त्याच्या डाइंगच्या पाण्यावर संशोधन करा की. सगळ्या जगाशी करार करण्यापेक्षा दोनच विषय धरा आणि 10 वर्षं सोडू नका. आणि सोलापूरचं नाव चीनमध्ये कुणामुळे माहीत आहे? 1938 ला गेलेल्या डॉ. कोटणीसांमुळे. ते काय करार करून गेले नव्हते, काम करायला गेले होते.

पार्कचौक_कट्टा:
कोटणीस एकच असतो बे. दर वादात त्यांना किती राबवणार.

होटगीनाका:
@शेंगाचटणी दोन विषयांचं पटलं. परदेशी विद्यापीठाबरोबर मिळून द्यायच्या जॉइंट डिग्रीचं मात्र इतकं सोपं नाही, यूजीसीच्या 2022 च्या नियमात नॅकचा स्कोअर किमान 3.01 नाहीतर एनआयआरएफ या सरकारी रँकिंगमध्ये पहिल्या 100 त पायजे, नसेल तर आधी यूजीसीची परवानगी. आणि 2004 साली एकाच जिल्ह्यासाठी काढलेल्या विद्यापीठाची तुलना पुण्याशी करणं पण चूकच. छोटं आहे म्हणून दोन विषय धरणं उलट सोपं जाईल.

विजापूरवेस:
तुमचं डाळिंब चालू द्या, मी खिडकीवरचं सांगते. माझ्या भाच्याला जर्मनीत एमएस्सीला अप्लाय करायचं होतं. विद्यापीठाचं नाव घेत नाही. ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या सेमच्या मार्कांचा अधिकृत उतारा) चलन भरलं, मग कळलं सही करणारे साहेब ट्रेनिंगला, मग कळलं तिसऱ्या सेमच्या एका विषयाचं नाव मार्कशीटवर वेगळं आणि सिलॅबसमध्ये वेगळं. तिकडची युनिव्हर्सिटी मेल करून विचारतीये हे मार्क खरे का, तर इकडून उत्तरच नाही, कारण तो मेल आयडी ज्यांच्याकडे होता ते रिटायर झालेले. शेवटी डेडलाइन गेली, पोरगं एक वर्ष घरी. त्याच आठवड्यात पेपरात त्यांच्याच कराराचा फोटो, मोठ्ठा. त्यामुळे ते फुल टाइम साहेब वगैरे नंतर बघा, आधी मेल उघडणारा एक क्लार्क द्या.

होटगीनाका:
ताई मी हेच म्हणतोय!

विजापूरवेस:
नाही दादा, तुम्ही डायरेक्टर मागताय. मी क्लार्क मागतीये.

पार्कचौक_कट्टा:
ताईंना माझं मत. बाकी भाच्याचं काय झालं पुढं?

विजापूरवेस:
परत अप्लाय केलंय. यावेळी ट्रान्सक्रिप्टच्या 5 कॉप्या आधीच काढून ठेवल्यात, आणि मेल आलाय का बघायला दर सोमवारी स्वतःच जातो ऑफिसात.