अनुभव धागा: पाहुण्यांनी सोलापुरात काय बघायला मागितलं?

पूर्वभागकर
काल भाच्याने मुंबईच्या धोबीघाटाचा व्हिडिओ दाखवला. महालक्ष्मीच्या पुलावर परदेशी पाहुणे उभे राहून कपडे धुणं बघतायत. लगेच आमच्याकडे आलेलं जोडपं आठवलं. सिद्धेश्वराचं दर्शन झालं, भुईकोट झाला, मग म्हणाले, चादर विणतात ते दाखवा. अशोक चौकामागच्या गल्लीत ओळखीच्या कारखान्यात नेलं. त्या खटखटाटात बोलणं शक्यच नाही. बाई जकार्डकडे, म्हणजे मागावर नक्षी पाडणाऱ्या यंत्राकडे, बघतच राहिल्या. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर फिरते, भोक असेल तिथलाच हूक उचलला जातो आणि खाली मोराची मान एकेका धाग्याने उमटत जाते. मालकांनी माग थांबवून तुटलेला धागा जोडून दाखवला, तर बाईंनी हात जोडले. किल्ल्यात एवढ्या रमल्या नव्हत्या. चादर कुठल्याही दुकानात मिळते, ती होताना कुठे दिसते? तुमचे अनुभव लिहा.

सातरस्ता
भैय्या चौक! डॉ. कोटणीसांचं स्मारक. चीनमधून पाहुणे येतात, वाकून नमस्कार करतात. 1938 ला जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून गेले, 1942 ला वयाच्या 32 व्या वर्षी तिकडेच वारले. आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना घेऊन गेले मागच्या महिन्यात, फार शांतपणे बघितलं त्यांनी. भाजी करपतेय, नंतर लिहिते.

विडीवालीची_लेक
मला हे पटत नाही. आमच्या गल्लीत एक ग्रुप आला होता. मांडीवर सूप घेऊन बायका विड्या वळतायत आणि हे तोंडासमोर मोबाईल धरून. आई मान खाली घालून बसली. तिचं काम हा काय तमाशा आहे का?

पूर्वभागकर
ताई, बरोबर बोललात. विचारून जायला पाहिजे. मागावर आम्ही मालकाला आणि कामगारांना दोघांनाही विचारलं होतं.

पुण्यात_सोलापूरकर
धारावीत फेरी केली तेव्हा निघायच्या आधीच सांगितलं, फोटो काढायचा नाही. त्यामुळे लोक नीट बघत होते, प्रश्न विचारत होते. पॅरिसला तर गटारांचं संग्रहालय आहे! तिकीट काढून जमिनीखाली उतरायचं. वास येतो, हो. पण एवढ्या मोठ्या शहराचं सांडपाणी जातं कुठे, हे पहिल्यांदा कळलं. आयफेल टॉवरबद्दल घरी कुणी विचारलं नाही, गटाराबद्दल सगळ्यांनी विचारलं.

विडीवालीची_लेक
फोटो नाही, हा नियम चांगलाय. आईशी बोलले असते तर तिने पान कसं कापायचं तेही शिकवलं असतं.

गिरणीचा_नातू
जुनी मिल 1877 ची. आजोबा साच्यावर, म्हणजे मागावर, होते. भोंग्यावर अख्ख्या घराचं घड्याळ चालायचं, आजी भोंगा ऐकून भाकरी टाकायची. जर्मनीत बंद कोळसा खाणी जपून तिथे लोकांना फिरवतात. एसेनच्या खाणीला जागतिक वारसा म्हणतात. आपल्या गिरण्यांचं तसं व्हायला पाहिजे होतं. आजही कुणी पाहुणा गिरणीबद्दल विचारतो तेव्हा मला बरं वाटतं.

मंगळवारपेठ
आमच्या पाहुण्यांना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी नेलं. इंग्रजांनी सोलापुरात लावलेला 1930 चा मार्शल लॉ, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, 12 जानेवारी 1931 ची फाशी, सगळं सांगितलं. नंतर त्यांनी शेंगाचटणी मागितली 😄

सातरस्ता
भाजी वाचली. चटणी उखळात कुटलेलीच घ्या ओ, तेल सुटलेली. मिक्सरची भुकटी नको.

मंगळवारपेठ
कुठून घेता? नवी पेठ?

सातरस्ता
आमच्या शेजारच्या मावशी करतात. आलात की घेऊन जा.

मुंबईकर_सून
मी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, येतेय, सिद्धेश्वर एक्स्प्रेसने. सासरचे म्हणतात फक्त यात्रा बघ. मला मागही बघायचेत. जमेल का?

पूर्वभागकर
या की! अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न, भोगीला असतो, तो चुकवू नका. मिरवणुकीतल्या उंच काठ्या, म्हणजे सातही नंदीध्वज बघा. यात्रेत कारखान्यांत माणसं कमी असतात, म्हणून मागासाठी संक्रांतीनंतरचा दिवस ठेवा. मालकांना मी विचारून ठेवतो. कानात कापूस घालून या.