बाह्यग्रह, परग्रह की आणखी काही?

मुक्ताफळ
मुलांच्या मासिकासाठी एक लेख मराठीत आणते आहे. विषय : सूर्यासारख्या जवळच्या ताऱ्यांभोवती सापडलेले ग्रह. त्यात यमुना तारकासमूहातला एचडी २०७९४ हा तारा आहे. अंतर वीसेक प्रकाशवर्षं, म्हणजे खगोलाच्या हिशेबात मागच्या आळीतच. त्याच्या 'डी' ग्रहावर २०२५ मध्ये शिक्कामोर्तब झालं. वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे सहापट, वर्ष ६४७ दिवसांचं. इंग्रजीतल्या 'एक्झोप्लॅनेट'ला, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहाला, मी 'बाह्यग्रह' लिहून मोकळी झाले. संपादकबाईंनी लाल खूण करून परत धाडलं : "शाळेच्या पुस्तकात गुरू-शनी बाह्यग्रह आहेत, मुलं गोंधळतील." तुम्ही काय वापरता?

कडूजिरं
परग्रह. संपला विषय.

आडवाट
कसला संपतोय! परगाव म्हणजे आपलं सोडून कुठलंही गाव, अगदी नदीपलीकडचंसुद्धा. त्या न्यायाने मंगळही परग्रहच. आणि परग्रह म्हटलं की मागून 'वासी' येतोच, मोठ्या डोळ्यांचा.

शके_१८९०
बाईंचा आक्षेप बरोबर, पण अर्धाच. 'बाह्य'चा घोळ आधीपासून आहे. शाळेत लघुग्रहांचा पट्टा ही वेस, म्हणून मंगळ अंतर्ग्रह. आकाशनिरीक्षणाच्या पुस्तकांत पृथ्वीची कक्षा ही वेस. तिथे अंतर्ग्रह दोनच, बुध आणि शुक्र, आणि मंगळ गेला बहिर्ग्रहांत. एकच मंगळ, आत पण आणि बाहेर पण. त्याच शब्दावर आता तिसरा अर्थ लादू नका. 'सौरमालाबाह्य ग्रह' लिहा.

कडूजिरं
आठ अक्षरं. पोरं तिसऱ्या ओळीला पान उलटतील.

नळावरची
एक्झोप्लॅनेट ठेवा की! पोरं यूट्यूबवर तेच ऐकतात. दूरदर्शन दूरदर्शन करत शेवटी घरात टीव्हीच राहिला.

शके_१८९०
आणि दिनांक, क्रमांक, महापौर? सावरकरांनी सुचवले तेव्हा त्यांनाही हसले असतीलच लोक. आज महापौर म्हणताना कुणाची जीभ अडखळते?

नळावरची
अहो, पण त्यांनीच सुचवलेले कितीतरी शब्द कोशातच राहिले, त्यांचं काय? रुळला तो शब्द.

तुंबडीबाबा
मुळात ग्रह हा 'गृह'वरून आलाय. पत्रिकेत घरं असतात ना, त्यातूनच.

आडवाट
नाही हो बाबा. ग्रह् म्हणजे धरणे, पकडणे. ग्रहण, आग्रह, पूर्वग्रह सगळे त्याच धातूचे. आणि गंमत बघा, नवग्रहांत सूर्य आहे, चंद्र आहे, राहू-केतू आहेत, पृथ्वी नाही. ज्या सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती ग्रह शोधायचे, तो सूर्यच आपल्याकडे ग्रह होता. तेव्हा 'मूळ अर्थ' धरून बसायचं तर लेखच लिहिता येणार नाही.

अप्पा_बेळगावकर
माझी शंका निराळी. ग्रहाचा शोध 'लागतो' की 'लावतात'? आमचे मास्तर सांगत : नसलेली वस्तू केली तर शोध लावला, असलेली सापडली तर लागला.

मुक्ताफळ
अप्पा, कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला असंच शिकलो की आपण.

अप्पा_बेळगावकर
तेच चुकलंय! १९९५ मध्ये मायर आणि केलोझ या खगोलशास्त्रज्ञांना महाश्व तारकासमूहातल्या ५१ पेगासी ताऱ्याभोवतीचा ग्रह 'सापडला'. गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा, सव्वाचार दिवसांत ताऱ्याला फेरी मारणारा. तो तिथे होताच. त्यांनी काय घडवला?

शके_१८९०
आणि नसलेलाच सापडला तर? नरतुरंगातल्या अल्फा सेंटॉरी बीभोवती २०१२ मध्ये पृथ्वीएवढा ग्रह जाहीर झाला. २०१५ मध्ये कळलं, निरीक्षणांच्या वेळापत्रकातून उपजलेला भास होता. तुमच्या मास्तरांच्या नियमाने तोच एक ग्रह खरा 'लावलेला'!

नळावरची
😂

कडूजिरं
ताई, लेखात अधिक्रमण, म्हणजे ग्रहाचं ताऱ्यासमोरून जाणं, आलं तर जपा. २००४ मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून गेला तेव्हा आमच्याकडे फलक लागला होता, 'शुक्राचे अतिक्रमण'. पालिकेची गाडी यायची तेवढी बाकी होती.

शके_१८९०
इथे अधिक्रमण नाहीच. ताईंचा 'डी' ग्रह ताऱ्याच्या डोलण्यावरून कळला, वीसेक वर्षांच्या वर्णपटांतून, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यांतून. ग्रह ताऱ्याला किंचित ओढतो, तारा आपल्याकडे येतो, मागे जातो, आणि त्या पट्ट्यातल्या रेषा तेवढ्याच सरकतात. गुरूमुळे सूर्य सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने हलतो. पृथ्वीमुळे फक्त नऊ सेंटिमीटर. म्हणून सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पृथ्वीसारखा ग्रह शोधणं इतकं जिकिरीचं.

मुक्ताफळ
मी 'डगमगतो' लिहिलंय.

आडवाट
डगमगणारा पडायच्या बेतात असतो. डोलतो म्हणा. वारकरीसुद्धा डोलतो, डगमगत नाही.

कडूजिरं
नऊ सेंटिमीटरला डोलणं म्हणायचं? हलतो म्हणा, सरळ.

अप्पा_बेळगावकर
नावांचंही बघा. २०१९ मध्ये भारताच्या वाट्याला एका ताऱ्याचं बारसं आलं. तारा बिभा, पदार्थविज्ञानातल्या बिभा चौधुरींवरून. ग्रह संतमस, अर्थ दिला 'ढगाळ'. अमरकोशात मात्र 'विष्वक् संतमसम्', चहूकडे पसरलेला अंधार. ढग कुठून आले?

तुंबडीबाबा
ढग आले की अंधारतंच.

अप्पा_बेळगावकर
मग वीज गेली की त्यालाही संतमस म्हणा.

मुक्ताफळ
मंडळी, उद्या सकाळी लेख द्यायचाय. सौरमालाबाह्य की परग्रह?

नळावरची
पहिल्यांदा 'दुसऱ्या ताऱ्याचे ग्रह' लिही आणि पुढे नुसतं ग्रह. शब्दच नको.

शके_१८९०
ही पळवाट झाली. मथळ्यात काय घालणार?

अप्पा_बेळगावकर
मथळा राहू दे. संस्कृतात संतमस नपुंसकलिंगी. मराठीत ग्रह म्हणून 'तो संतमस' म्हणायचं की 'ते'? यावर कुणी बोलेल का?