अनुभव धागा : संग्रहालयाच्या दालनात चित्रपट, मैफल, व्याख्यान

सावलीपट

१६ मिमी फिल्मच्या जुन्या डब्याचं झाकण उघडताना नाकात जाणारा व्हिनेगरचा वास परवा पुन्हा आला आणि हा धागा काढावासा वाटला. समकालीन कलेच्या संग्रहालयात चित्रपट, मैफल किंवा व्याख्यान लावताना काय करावं लागतं, काय बिघडतं आणि का, हे ज्यांच्या हाताखालून गेलंय त्यांनी लिहा. बारीकसारीकच हवंय.

गोष्ट नवी नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९३५ मध्ये फिल्म लायब्ररी काढली, आयरिस बॅरी तिच्या पहिल्या क्युरेटर. सॅन फ्रान्सिस्कोच्या कलासंग्रहालयात फ्रँक स्टॉफाकर यांनी १९४६ पासून प्रायोगिक चित्रपटांची मालिका चालवली. तरी अनेक ठिकाणी वेगळं प्रेक्षागृह नसतंच, चित्रांसाठी बांधलेल्या दालनातच पडदा लागतो. सगळ्या अडचणी तिथून सुरू होतात.

तर तो वास. ॲसिटेटची (हे एक प्रकारचं प्लास्टिक) फिल्म कुजायला लागली की तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं. ते थांबत नाही, थंड आणि कोरड्या जागेत फार तर मंदावतं. असा डबा इतरांपासून लगेच बाजूला काढायचा, वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. मग आकुंचन मोजायचं. १६ मिमीच्या प्रतीत शंभर चौकटी ७६२ मिमी भरायला हव्यात. सात-साडेसात मिमी कमी भरल्या तर एक टक्का आटली, ती प्रोजेक्टरवर चढवू नका. दाते छिद्रांत नीट बसत नाहीत आणि छिद्रं फाटत जातात. फाटलेली प्रत दुसरी मिळेलच असं नाही.

उलटीरीळ

वा, धागा आलाच शेवटी.

१६ मिमीत सगळ्यात जास्त गोंधळ लूपचा. गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरच्या खिडकीत, फिल्म थांबत थांबत सरकते, आवाज वाचणाऱ्या ड्रमवर मात्र ती एकसारखी फिरायला हवी, म्हणून गेटच्या वर आणि खाली सैल लूप, म्हणजे फिल्मचा वळसा, ठेवतात. चित्र उभं फरफटायला लागलं की समजायचं लूप गेला. मशीन थांबवा, लूप पुन्हा घाला. चालत्या फिल्मला बोट लावू नका.

ध्वनी चित्राच्या २६ चौकटी पुढे असतो, म्हणजे सेकंदाहून थोडा जास्त. खालचा लूप कमीजास्त झाला तर ओठ आणि आवाज जुळत नाहीत, आणि लोक स्पीकरला दोष देत बसतात.

वेळेचा हिशेब: ४०० फुटी रीळ ११ मिनिटं, १२०० फुटी ३३. सुपर ८ चं (८ मिमीची लहान फिल्म) ५० फुटी रीळ १८ चौकटींच्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंद. एकच प्रोजेक्टर असेल तर रीळ बदलायला दोनतीन मिनिटं लागतात, ती कार्यक्रमपत्रिकेत धरा. दिवे पूर्ण लावू नका, डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वेळ घेतात.

मधली_रांग

नायट्रेटची, म्हणजे ती जुनी, पटकन पेटणारी फिल्म दालनात दाखवता येते का?

उलटीरीळ

नाही. ती पेटली तर विझत नाही, कारण जळताना प्राणवायू तिच्यातूनच सुटतो. त्यासाठी खास बांधलेली प्रोजेक्शन खोली लागते. १९५० च्या सुमारापर्यंतची ३५ मिमी प्रत हातात आली तर आधी ती कशाची आहे ते तपासून घ्या.

शांतता_चालू

आवाजावर लिहितो. पांढरं दालन म्हणजे समोरासमोरच्या कडक भिंती, गुळगुळीत जमीन, काहीही न शोषणारं छत. मध्ये उभं राहून एकदा टाळी वाजवा, फडफडत राहते.

आकडे मांडा म्हणजे पटतं. २० मीटर लांब, १२ रुंद, ५ उंच. घनफळ १२००, सगळे पृष्ठभाग मिळून ८०० चौरस मीटर. कडक पृष्ठभाग सरासरी पाच टक्के आवाज शोषतात असं धरलं तर शोषण ४०. आवाज विरायला किती सेकंद लागतात, म्हणजे निनाद किती, हे सॅबिनचं सूत्र सांगतं : ०.१६१ गुणिले घनफळ भागिले शोषण. उत्तर येतं ४.८ सेकंद. भाषण समजायला एक सेकंदाच्या आसपास हवं. शंभर माणसं बसली की प्रत्येकी अर्धा धरून ५० ची भर, निनाद २.१ वर. मागच्या भिंतीला आणि एका बाजूला मिळून ६० चौरस मीटर जाड मखमली पडदा चुण्या घालून लावला की आणखी ३०, म्हणजे १.६. तरी पुरत नाही, पण वक्त्याचं वाक्य कळायला लागतं.

दोन गोष्टी चुकतात. पडदा ताणून, भिंतीला चिकटवून लावतात. त्याला किमान दुप्पट कापड हवं आणि भिंतीपासून १५-२० सेमी अंतर हवं, नाहीतर तो वरचे सूर खातो आणि खालची घुमघुम तशीच ठेवतो. दुसरं म्हणजे ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवतात. आवाजाबरोबर निनादही तेवढाच वाढतो. स्पीकर लहान घ्या, जास्त घ्या, माणसांच्या जवळ आणा. मागची जोडी पुढच्या स्पीकरांपासून १५ मीटरवर असेल तर तिला ४४ मिलिसेकंद उशीर द्या, वर आणखी १० ते १५. मग आवाज मागून येतोय असं वाटत नाही, कान समोरच्या वक्त्याकडेच राहतात.

चौकट

हे जपून ठेवतेय. शंका शब्दाची : निनाद म्हणायचं की प्रतिध्वनी?

शांतता_चालू

प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो, मूळ आवाज संपल्यावर. निनाद म्हणजे असंख्य परावर्तनं मिसळून रेंगाळणारा आवाज. दालनात दोन्ही असतात, उपायही थोडे वेगळे. प्रतिध्वनीला समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एकीचा सपाटपणा मोडला तरी पुरतं, पुस्तकांची मांडणी उभी केली तरी चालते.

चौकट

घुमारा कसा वाटतो निनादसाठी?

मधली_रांग

घुमारा मस्त आहे, पण तो खालच्या सुरांचा वाटतो. निनादच ठेवूया.

ओलावा_५०

मी चित्रांच्या बाजूने बोलते, कारण कार्यक्रम ठरवताना चित्रांना कोणी विचारत नाही.

बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता देतो आणि तासाला ५० ग्रॅमच्या आसपास ओलावा. शंभर माणसं म्हणजे १० किलोवॉटचा हीटर आणि तासाला ५ लिटर पाणी हवेत. दोन तासांच्या मैफलीत लाकडी फळीवरच्या चित्राभोवतीची आर्द्रता पटकन वर जाते आणि लोक गेल्यावर तितकीच पटकन खाली येते. फळी फुगते, आकसते, रंगाचा थर तिच्याबरोबर हलत नाही. तडे तिथून पडतात.

म्हणून एसीचा पंखा आवाज करतो, मैफलीपुरता बंद करा, असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा. पर्याय आहेत. दालन दोन तास आधी थोडं जास्त थंड आणि कोरडं करून ठेवा, पण संवर्धनवाल्यांनी दिलेल्या मर्यादेच्या आतच. पंख्याचा वेग कमी करा आणि माणसांची संख्या कमी ठेवा. आर्द्रतामापक चित्राशेजारी ठेवा, दाराशी नको.

धुराचं यंत्र अजिबात नको. त्याचा थर चित्रांवर बसतो आणि आगीचे इशारेही वाजतात. बाकी रात्री लिहिते.

काळीखोली

ओलावा_५०, मनापासून आभार, हे प्रत्येक आयोजकाने वाचावं.

प्रकाशाचं गणित देते. ४ मीटर रुंद, सव्वादोन उंच पडदा, ९ चौरस मीटर. सिनेमागृहात पांढरं ४८ कँडेला प्रति चौरस मीटर (पडद्यावरून डोळ्यांकडे येणारा उजेड) असावं लागतं. साध्या मॅट पडद्यावर त्यासाठी १५० लक्स प्रकाश पडायला हवा, म्हणजे प्रोजेक्टरमधून साधारण १३५० ल्यूमेन. रंग नीट बसवल्यावर आणि दिवा जुना झाल्यावर खोक्यावरच्या आकड्यातलं बरंच जातं, म्हणून ३००० चा घ्या.

आता खरी अडचण. शेजारी कागदावरची कामं असतात, त्यांना ५० लक्स ठेवतात. तो मंद प्रकाश पडद्यावर पडला की जिथे चित्र पूर्ण काळं असायला हवं तिथे १६ कँडेला उजेड. पांढरं ६४, काळं १६, नातं चारास एक. रात्रीचा प्रसंग राखाडी धुक्यात होतो. मोठा प्रोजेक्टर आणून काळं काळं होत नाही, बाहेरचा उजेड अडवूनच होतं. दाराशी दोन वळणांचा बोळ करा. जागा नसेल तर दोन जाड पडदे एकामागे एक, मध्ये एक माणूस मावेल इतकी जागा, जोडावर ३० सेमी कापड एकमेकांवर. पडद्याजवळच्या दोनतीन मीटर भिंती आणि छत मॅट गडद करा, नाहीतर पडद्याचाच उजेड भिंतीवर आपटून परत येतो. बाहेर जाण्याच्या वाटेचे दिवे झाकायचे नाहीत, कधीच. पडद्याचीच जागा बदला.

चौकट

अंधारावरून आठवलं, पीटर कुबेल्का यांनी १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या अँथॉलॉजी फिल्म आर्काइव्ह्जसाठी ‘अदृश्य सिनेमा’ नावाचं प्रेक्षागृह आखलं होतं. सगळं काळं, आणि खुर्च्यांच्या मध्ये आडपडदे, शेजारचा दिसूच नये म्हणून. प्रेक्षकाने पडद्याशिवाय काही पाहू नये ही किती प्रेमाची कल्पना आहे!

मधली_रांग

आडपडदे छान, पण दालनात पुढच्याचं डोकं हाच प्रश्न. जमीन सपाट असते. बसलेल्याचे डोळे जमिनीपासून १.२ मीटरवर, डोक्याचा माथा १.३ च्या आसपास. पडद्याची खालची कड दीड मीटरवर ठेवा, नाहीतर तिसऱ्या रांगेपासून उपशीर्षकं जातात. छत बुटकं असेल तर पडदा लहान करा, पण खाली आणू नका. खुर्च्या अर्ध्या खुर्चीने सरकवून मांडा.

तारयंत्र

स्क्रीनिंगच्या फायलींबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

डीसीपी, म्हणजे सिनेमागृहासाठीची डिजिटल प्रत, कुलूपबंद असेल तर चावी एकाच सर्व्हरसाठी आणि ठरलेल्या वेळेपुरती असते. लोक कार्यक्रमाच्या वेळेची चावी मागतात आणि आदल्या दिवशी चाचणी करायला गेलं की फाइल उघडत नाही. चाचणीच्या सकाळपासूनची मागा, आणि वेळ कुठल्या देशाच्या घड्याळाने लिहिली आहे ते वाचा. सर्व्हर बदलला तर नवी चावी.

कलाकारांची व्हिडिओ कामं बऱ्याचदा २५ चौकटींची. कोणी ती गुपचूप २४ ला वळवली तर ६० मिनिटांचं काम साडेबासष्ट मिनिटांचं होतं आणि वेगाबरोबर आवाजही ओढला असेल तर सूर अर्धस्वरापेक्षा थोडा कमी इतका उतरतो. संगीताचं काम असेल तर हा अन्यायच.

व्याख्यानाला लॅपटॉप जोडला की स्पीकरमधून घूं येते. चार्जर काढून पाहा. गेली तर अर्थिंगचा लूप आहे, म्हणजे दोन उपकरणं दोन वाटांनी अर्थिंगला जोडली गेलीत, मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (आवाजाच्या तारेत बसवायची छोटी पेटी) घाला. अर्थिंगची पिन कापायची नाही, त्याने माणूस दगावू शकतो. एचडीएमआयची साधी तार दहा मीटरपलीकडे भरवशाची नाही, तिथून पुढे कॅट ६ वर एचडीबेसटी, म्हणजे नेटवर्कच्या तारेवरून चित्र-आवाज लांब नेणारी जोडणी.

दुसरा_माईक

व्याख्यान म्हटलं की वक्त्याच्या माइकची काळजी घेतात, प्रश्नोत्तरांची नाही. फिरते माइक दोन ठेवा. एक बोलत असताना दुसरा पुढच्या प्रश्नकर्त्यापर्यंत पोचलेला असतो. सूत्रधाराने प्रश्न पुन्हा सांगायचा, नाहीतर ध्वनिमुद्रणात नुसती उत्तरं उरतात.

कॉलरचा माइक हनुवटीखाली १५ ते २० सेमी, ओढणी आणि साखळीपासून लांब. वक्ता पडद्याकडे वळून बोलणारा असेल तर गालाशी राहणारा द्या.

श्रवणयंत्रवाल्यांसाठी इंडक्शन लूप (थेट श्रवणयंत्रात आवाज पोचवणारं तारेचं वेटोळं) घातला असेल तर रिसीव्हर कानाला लावून प्रत्येक रांगेत फिरून ऐका. जमिनीत लोखंड असलं की मध्येच आवाज बसतो. सांकेतिक भाषेतल्या दुभाष्याला वक्त्याच्या शेजारी उभं करा आणि अंधार केल्यावरही त्यांच्यावर छोटा दिवा राहू द्या. हे फार वेळा विसरलं जातं आणि फार वाईट वाटतं. अंधारात हात दिसत नाहीत, म्हणजे त्या प्रेक्षकाचं व्याख्यान तिथेच संपलं.

मधली_रांग

दुभाष्याच्या दिव्याबद्दल हजार वेळा +१.

ओलावा_५०

आले परत. मैफलीतला सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, राहिला होता. तात्पुरत्या भिंती आतून पोकळ असतात, खालच्या सुरांना थरथरतात, आणि चित्रं त्यांच्यावरच टांगलेली असतात. आवाजाच्या तालमीत भिंतीच्या मागच्या बाजूला तळहात टेकवून फिरा. कंप हाताला कळला तर ४० हर्ट्झच्या खालचं कापा, सबवूफर भिंतीपासून आणि पोकळ व्यासपीठावरून हलवा. तरी कळत असेल तर चित्रं उतरवून ठेवायला संवर्धनवाल्यांना आठवडाभर आधी सांगा.

शांतता_चालू

बरोबर. आणि निनादी दालनात सगळंच संगीत वाईट लागत नाही. एकटा गळा, बासरी, लांब सूर तिथे फुलतात. जलद ताल आणि ड्रम्स चिखल होतात. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ७ फेब्रुवारी १९४३ ला जॉन केज यांनी तालवाद्यांचा कार्यक्रम केला होता, प्रेक्षागृहात. दालनात तेच करायचं तर वादक मध्यभागी आणि श्रोते भोवती जवळ बसवा.

चौकट

हक्कांचं कोणी लिहील का? संग्रहालयाने कलाकाराचं व्हिडिओ काम विकत घेतलं म्हणजे ते तिकीट लावून दाखवता येतं असं धरून चालतात.

तारयंत्र

धरून चालायचं नाही. करारात दालनात सलग फिरवणं आणि प्रेक्षागृहात दाखवणं हे वेगळे हक्क असू शकतात, पाहून घ्या. लेखी परवानगी मागताना किती खेळ, किती खुर्च्या, तिकीट आहे का आणि चित्रीकरण होणार का हे चारही लिहा. संगीताच्या सादरीकरणाचा परवाना वेगळा.

मधली_रांग

ओलावा_५०, तात्पुरत्या खुर्च्यांच्या पायांना रबर लावलं तर जमिनीवर काळे डाग पडतात, त्यावर काय?

ओलावा_५०

काळं रबर नको, फेल्टच्या टिकल्या लावा. आवाजही कमी होतो. दर कार्यक्रमाआधी उलटून पाहा, एखादी निघालेली असते आणि ती एकच खुर्ची अख्ख्या चित्रपटभर करकरते.