हिमनदी नाही, पण राकसकोप आहे की

एकानं विचारलंय, 'हिमनद्या आटल्या तर बेळगावचं काय बिघडतं?' थेट काही नाही, खरंय. मार्कंडेय, घटप्रभा या आपल्या दोन्ही नद्या पावसावरच्या. पण हिमनदी म्हणजे डोंगरावरची टाकीच. बर्फ साठवायचा, कोरड्या दिवसांत थोडंथोडं सोडायचं. बोलिव्हियात ला पाझजवळची चाकाल्ताया हिमनदी २००९ पर्यंत संपली. २०१६ च्या दुष्काळात त्या शहराच्या बऱ्याच भागांतले नळ कोरडे पडले.

आपल्या टाक्या म्हणजे राकसकोप नि हिडकल ही धरणं. मृग कोरडा गेला की आमच्या गल्लीत आठवड्यानं पाणी, तेही पहाटे. आई पितळी घागरीपासून दुधाच्या किटलीपर्यंत सगळं ओळीनं मांडून बसते. आणि परड्यातली विहीर? ती आम्हीच बुजवली, स्कूटर लावायला जागा हवी म्हणून!