मदत हवी आहे: पूर्ण क्षमा झाल्यावरही पापकबुली कशासाठी?

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. आमच्या मंडळीतील तरुणांच्या अभ्यासवर्गात बायबलच्या नव्या करारातील इब्री लोकांस पत्राचा १० वा अध्याय सुरू आहे आणि एका प्रश्नापाशी आम्ही अडलो आहोत.

जुन्या करारातील लेवीय १६ नुसार प्रायश्चित्ताच्या दिवशी एका बकऱ्याचे रक्त पडद्याच्या आत, म्हणजे परमपवित्रस्थानात, नेले जाई, तर दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून महायाजक लोकांची सर्व पापे कबूल करी आणि मग त्या बकऱ्याला रानात सोडून दिले जाई. हा विधी दरवर्षी करावा लागे. वधस्तंभावरील ख्रिस्ताचे अर्पण मात्र एकदाच आणि कायमचे झाले. इथवर कोणाचेच दुमत नाही. मग योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) विश्वासणाऱ्यांना पापे कबूल करण्यास का सांगितले आहे? देवाशी बिघडलेली सहभागिता पुन्हा जुळावी म्हणून, हे उत्तर मला पटते; परंतु त्या वचनात क्षमेचेच अभिवचन असल्यामुळे ते अपुरे वाटते.

दावीद राजाचा प्रसंग याहून अवघड आहे. त्याने बथशेबाशी व्यभिचार केला आणि तिचा पती उरिया याला मारविले. २ शमुवेल १२ मध्ये नाथान संदेष्टा त्याला क्षमा झाल्याचे सांगतो आणि लगेच त्याचे मूल मरेल असेही सांगतो. याला शिक्षा म्हणावे की शिस्त? हे विचारणाऱ्या मुलीचे डोळे भरून आले होते, त्यामुळे तिला घाईचे उत्तर द्यावेसे वाटत नाही.

दोष मिटला तरी ऐहिक शिक्षा उरू शकते, असा भेद कॅथलिक शिकवणुकीत केला जातो. तो येथे लागू पडतो का, हे जाणकारांनी कृपया वचनांच्या आधारे सांगावे.