मदत हवी आहे: एलिमिनेशन डाएट चालू असताना चहा पण सोडायचा का?

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. पोट सारखं फुगतं म्हणून डायटिशियनने एलिमिनेशन डाएट दिलंय, दूध, गहू, कांदा-लसूण सगळं बंद आणि मग एकेक परत खाऊन बघायचं. दूध गेलं म्हणून कोरा चहा पितेय पण कॅफीनचं काय ते कागदावर लिहिलेलंच नाही. चहा एकदम सोडला तर १२ ते २४ तासांत डोकं ठणकायला लागतं आणि ते आठवडाभरही चालू शकतं, मग त्रास गहू सोडल्याचा की चहा सोडल्याचा हे कळणार कसं? आणि चालू ठेवला तर कॅफीनने आतड्यांची हालचाल वाढते, ॲसिडिटी पण होते, म्हणजे खरं कारण तेच असलं तर लपूनच राहील ना. मला वाटतं आधी हळूहळू कप कमी करावेत, डोकं शांत झालं की मग डाएटची नोंद सुरू करावी. पण सकाळची गर्दीची लोकल आणि मग ऑफिस, चहाशिवाय खरंच अवघड जातं हो. कोणी केलंय का हे? आधी सोडलात की सोबतच? डिकॅफ म्हणजे कॅफीन काढलेल्या चहातही थोडं कॅफीन असतंच, मग ते चालवलंत का? प्लीज सांगा.