अमेरिकेतल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत पोस्टडॉक: अर्ज कुठे, कसा करावा?

कृष्णाकाठ:
पुण्यात मटेरियल सायन्समध्ये पीएचडी, प्रबंध मार्चमध्ये सादर होईल. विषय बॅटरीच्या कॅथोडचं (धन टोकाचं) क्ष-किरण विवर्तन, म्हणजे क्ष-किरण पाडून आतली रचना बघणं. आरगॉन, ओक रिज, लॉस अलामॉस यांपैकी कुठे प्रयत्न करावा? पोर्टलवरच्या अर्जांना उत्तरच येत नाही.

बीमलाइनकर:
पोर्टल नंतर. पोस्टडॉकची (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची) जागा बहुधा एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रकल्पाच्या पैशातून निघते, त्यामुळे आधी त्यांनाच ईमेल करा. तुमच्या कामाला आरगॉनचा अ‍ॅडव्हान्स्ड फोटॉन सोर्स, म्हणजे तिथलं प्रखर क्ष-किरणांचं यंत्र, अगदी जुळतो. तिथल्या प्रत्येक बीमलाइनच्या (क्ष-किरणांचा झोत, म्हणजे बीम, जिथे प्रयोगाला मिळतो त्या जागेच्या) वेबपानावर शास्त्रज्ञांची नावं असतात. त्यांचे अलीकडचे दोन पेपर वाचा आणि अर्ध्या पानात आटपा. पण त्यात असं काहीतरी हवं: "सेल चार्ज होत असताना दर ३० सेकंदांनी विवर्तनाचा पॅटर्न घेईन, शेवटी त्याच सेलच्या बीम न पडलेल्या जागेचा पॅटर्न घेऊन दोन्ही ताडून बघेन." बीम पडलेली जागा चार्ज होण्यात कधीकधी बाकीच्या सेलच्या मागे रेंगाळते, आणि मग बीमचा परिणाम बॅटरीचा गुणधर्म म्हणून छापला जातो. ही काळजी दिसली की समोरचा माणूस पत्र शेवटपर्यंत वाचतो. "आपल्या संशोधनात मला रस आहे" हे तर सगळेच लिहितात.

तिथलं सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. बजेट अडकून तात्पुरत्या तरतुदीवर कारभार चालला की नव्या जागाही लांबतात. होकार तोंडी असेल तर बाकीचे अर्ज थांबवू नका.

नीरा:
वरच्याशी सहमत. मात्र प्रयोगशाळा निवडताना पुढचाही विचार करा. लॉस अलामॉस, लिव्हरमोर, सँडिया या अण्वस्त्रांचं काम करणाऱ्या. पोस्टडॉक तिथेही मिळतो, पण कायम नोकरीला बऱ्याचदा क्यू क्लिअरन्स (गोपनीय कामासाठीची सरकारी सुरक्षा-मंजुरी) लागतो, आणि त्याला अमेरिकी नागरिकत्व. आरगॉन, ओक रिज, ब्रुकहेवन, बर्कली इथे ही अडचण बरीच कमी.

ऑफर आली तरी परदेशी नागरिकाला आत जायला वेगळी मंजुरी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून सीव्ही आणि फॉर्ममधल्या तारखा तंतोतंत जुळू द्या. व्हायवा झाला की विद्यापीठाकडून पीएचडीचं नोटिफिकेशन (पदवीला पात्र ठरल्याचं अधिकृत पत्र) लगेच काढा, पदवीदानाची वाट बघू नका.

कृष्णाकाठ:
धन्यवाद. व्हिसा जे-१ असेल ना? जोडीदाराचं काय?

नीरा:
बहुतेक जे-१च, म्हणजे एक्स्चेंज व्हिजिटरचा व्हिसा. रिसर्च स्कॉलर म्हणून कमाल ५ वर्षं. कार्यक्रम मध्येच संपवून परतलात तर त्याच प्रकारात २४ महिने परत जाता येत नाही, तेव्हा घाईने सोडू नका. जे-१ संपल्यावर काहींना दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. ती कोणत्या देशांना आणि कौशल्यांना लागते याची यादी डिसेंबर २०२४ मध्ये बदलली, भारत तिच्यातून बाहेर आहे. पण सरकारी निधीमुळेही ती अट लागू शकते, म्हणून डीएस-२०१९ (जे-१साठी मिळणारा फॉर्म) आणि व्हिसा या दोन्हींवरचा शेरा वाचाच. जोडीदाराला जे-२वर (जे-१वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) तिकडे पोचल्यावर वर्क परमिटचा अर्ज करता येतो.

बीमलाइनकर:
आरगॉन शिकागोपासून सुमारे ४० किमी, लेमाँटला. आवारात गेस्ट हाउस आहे, सुरुवातीचे दिवस तिथे निघतील. नंतर गाडीशिवाय अवघड, विशेषतः बीमटाइम (बीमलाइनवर ठरवून मिळालेली वेळ) रात्रीचा असेल तेव्हा. येण्याआधी इथेच गाडी नीट शिकून घ्या.